जोडप्यांच्या सुट्टीचा व्यवसाय: कोस्टा रिका नंतर, आधी पवन मावळ विकायला शिका



मागच्या बॅचमध्ये कामशेतच्या एका मुलाने मला विचारलं, "ताई, माझ्या मित्राचं लग्न ठरलंय. हनिमूनला कोस्टा रिका म्हणतोय. मी नेटवरून सगळं शोधून त्याला प्लॅन करून दिला, तर त्यातून माझा ट्रॅव्हल्सचा धंदा सुरू होईल का?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र प्रश्न आवडला. पण मी त्याला उलट विचारलं, "तू राहतोस कुठे? कामशेतला. शनिवारी सकाळी तुझ्या घरासमोरून पवनेकडे किती गाड्या जातात? त्यातल्या किती गाड्यांत फक्त दोघंच असतात? त्यांच्यापैकी एकाला तरी तू आजवर काही विकलंस का?"

पोरगा गप्प बसला. व्हिडिओत या विषयाला दहाच मिनिटं मिळाली, म्हणून इथे सविस्तर लिहिते. दोघांची सुट्टी प्लॅन करून देणं हा कमी भांडवलात सुरू होणारा चांगला व्यवसाय आहे. त्यासाठी स्वतःची खोली लागत नाही, गाडी लागत नाही. पण त्यात विकायचं काय असतं, तेच बहुतेकांना कळलेलं नसतं.

कोस्टा रिकाकडून काय घ्यायचं

आधी त्या मित्राच्या हनिमूनचंच बघू. कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. क्षेत्रफळ साधारण ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, मध्ये डोंगर, ज्वालामुखी आणि दाट जंगल. आरेनाल ज्वालामुखीजवळ गरम पाण्याचे झरे आहेत, मॉन्टेव्हर्देला ढगांत बुडालेलं जंगल आहे, मॅन्युएल अँटोनिओला जंगल थेट समुद्राला भिडतं. नवीन जोडप्याला आणखी काय हवं?

पण विकणाऱ्याच्या नजरेने बघा. मुंबईहून थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकामार्गे जायचं, जाण्यातच एक अख्खा दिवस जातो. व्हिसाचे कागद आहेत. तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे, म्हणजे तिथे रात्री नऊला गिऱ्हाईक अडकलं तर तुमचा फोन सकाळी साडेआठला वाजणार, तुम्ही दुकान उघडत असताना. परदेशी टूर पॅकेज विकलं की टीसीएस गोळा करून भरायची जबाबदारीही तुमची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ती जागा पाहिलेली नाही. न पाहिलेली जागा विकायची म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर तिसऱ्याला शब्द द्यायचा. पहिल्या वर्षात हे करू नका.

मग हा देश इथे कशाला आणला? कारण त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पाऊस. तिथे डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, मे ते नोव्हेंबर पावसाळा. पावसाळ्यात पर्यटक कमी होतात. तिथल्या लोकांनी त्या दिवसांना "हिरवा हंगाम" म्हणून विकायला सुरुवात केली. दर कमी, गर्दी कमी, जंगल हिरवंगार. पाऊस तोच, पण तो कोणाला विकायचा ते त्यांनी ठरवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे "बंद" सांगायची पद्धत. मॅन्युएल अँटोनिओचं राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असतं आणि तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, वेळ ठरवून. म्हणजे पर्यटकाला घरी बसूनच कळतं की काय मिळेल आणि काय मिळणार नाही. आपल्याकडे उलटं. "या हो, सगळं आहे, बघून घेऊ!" आणि आल्यावर धबधब्यावर बंदी, रस्त्यावर तीन तास ट्रॅफिक.

जे बंद आहे ते आधी सांगणं हा सेवेचाच भाग आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

गिऱ्हाईक काय विकत घेतं?

माझं परंदवडीत दुकान आहे. बीबीए झाल्यावर सासरच्या गाळ्यात गिफ्ट आणि स्टेशनरी सुरू केली. सोमाटणे फाट्यावर वळून पवनेकडे जाणाऱ्या गाड्या पाण्याची बाटली, चिप्स घ्यायला थांबायच्या आणि हमखास एक प्रश्न यायचा, "इथे जवळपास शांत जागा आहे का?"

प्रश्नातला शब्द बघा. सुंदर जागा नाही, स्वस्त जागा नाही, शांत जागा. पिंपरी-चिंचवडला दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, सगळे एकत्र राहणारं नवं जोडपं असतं. दहा वर्षं झालेलं, मुलांना आजीकडे ठेवून पहिल्यांदाच निघालेलं जोडपं असतं. साठी ओलांडलेले काका-काकू असतात, ज्यांना मुलगा म्हणतो, "तुम्ही दोघंच जाऊन या." आणि लग्न ठरलेलं नाही अशी सज्ञान मुलं-मुलीही असतात. या सगळ्यांची गरज एकच आहे. दोन दिवस कोणी काही विचारू नये, आणि आपल्याला काही ठरवावं लागू नये.

आता पवनेकाठी शनिवारी रात्री काय मिळतं ते बघा. एकाला एक खेटून तंबू, मध्ये स्पीकर, बाजूच्या तंबूतल्या दहा मित्रांचा वाढदिवस. मी आणि माझे मिस्टर लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला अशाच एका कॅम्पवर गेलो होतो. रात्री दोनपर्यंत गाणी, जेवणाला रांग, सकाळी सातला "चेकआऊट करा" म्हणून तंबूवर थाप. पैसे गेलेच, वर घरी येईपर्यंत आमचं भांडण झालं. त्या दिवशी मला कळलं की तिथे तंबू विकला जात होता. आम्ही मात्र वेळ विकत घ्यायला गेलो होतो.

तुमचं प्रॉडक्ट म्हणजे खोली नव्हे. दोघांचा काळजीमुक्त वेळ हे तुमचं प्रॉडक्ट. खोली, जेवण, गाडी हा त्याचा कच्चा माल आहे.

प्लॅन कसा आखायचा?

नियम पहिला: शनिवार-रविवार टाळा. गर्दीचा शनिवार जोडप्यासाठी सगळ्यात वाईट दिवस आणि तुमच्यासाठी सगळ्यात महाग. मंगळवार-बुधवार, बुधवार-गुरुवार विका. लग्नाचा वाढदिवस काही शनिवार बघून येत नाही. शिवाय हिंजवडीच्या कंपन्यांतल्या अनेकांना मधल्या वारी रजा टाकता येते.

नियम दुसरा: ठिकाणं कमी, मोकळा वेळ जास्त. नवीन माणूस प्लॅनमध्ये लोहगड, विसापूर, तिकोना, कार्ला, भाजे, टायगर पॉइंट सगळं कोंबतो. अहो, ती सहल शाळेची आहे का? दोन दिवसांत एकच ठिकाण ठेवा.

नमुना म्हणून हा प्लॅन बघा.

पहिला दिवस: सकाळच्या लोकलने कामशेत. स्टेशनवर ओळखीची रिक्षा किंवा गाडी हजर. दुपारी जेवणात इंद्रायणीचा गरम भात, पिठलं, भाकरी, ठेचा. इंद्रायणी हा आपल्या मावळातल्याच भात संशोधनातून आलेला, आंबेमोहराच्या वंशातला तांदूळ. ताट वाढताना हे एक वाक्य सांगितलं तरी जेवणाची किंमत वाढते. दुपारी झोप. संध्याकाळी ओसरीवर चहा-भजी आणि समोर पवनेचं पाणी. रात्री जेवण खोलीत पोहोचवायचं, वेळ त्यांनी सांगायची.

दुसरा दिवस: नाश्ता नऊनंतर. मग पाऊस उघडा असेल तर बेडसे लेणी. कार्ल्याएवढी गर्दी तिथे नसते आणि दोन हजार वर्षं जुन्या चैत्यगृहात दोघांना निवांत बसता येतं. पाऊस जास्त असेल तर लेणी रद्द, कारण पायऱ्या निसरड्या होतात. त्याऐवजी गावातल्या मावशींकडे चुलीवर भाकरी थापायला शिकायचं. दुपारी जेवून परत स्टेशन. निघताना एक किलो इंद्रायणीची पिशवी भेट.

प्रत्येक गोष्टीला पावसाचा पर्याय आधीच लिहिलेला हवा. आयत्या वेळी सुचत नाही.

नियम तिसरा: "रोमँटिक" म्हणजे फुगे नव्हेत. बेडवर लाल फुगे आणि मेणबत्त्या सगळेच लावतात. त्यापेक्षा आपल्याकडे काय आहे ते बघा. मावळातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातो. त्या एका आठवड्यासाठी शेतकरी साधारण दीड महिना आधी झाडांची छाटणी करून फूल नेमकं जानेवारीअखेरीस येईल असं बसवतो. सण एक दिवसाचा, प्लॅनिंग दीड महिन्याचं. पवन मावळातल्या पॉलिहाऊसवाल्याशी ओळख करा, निर्यातीत न बसलेली आखूड दांड्याची फुलं रास्त भावात मिळतात. प्लास्टिकच्या हृदयापेक्षा शेजारच्या शेतातली दहा ताजी फुलं कधीही भारी. साठीच्या काकूंना तर ती जास्त आवडतात, अनुभवाने सांगते.

हिशोब

आता वही काढा. हे आकडे उदाहरण म्हणून घेतलेत, तुमच्या भागातले दर तुम्ही विचारून भरा.

शनिवारचं एक पॅकेज, दोघांसाठी, एक रात्र. विक्री किंमत ६,५०० रुपये.

होमस्टेवाल्याला खोलीचे २,२००
चार वेळचं खाणं १,१००
गाडी, दोन्ही दिवस मिळून १,४००
फुलं, केक, भेटीचा तांदूळ ४५०
पावसाची राखीव रक्कम ३००
फोन, पेमेंट चार्ज, किरकोळ १५०

एकूण खर्च ५,६००. तुमच्या हातात ९००.

आता तेच बुधवारी. खोली १,५०० ला मिळते, म्हणजे खर्च ४,९००. गिऱ्हाईकाला किंमत ५,९०० सांगा. त्याचे ६०० वाचले आणि तुमच्याकडे १,००० राहिले. त्याला शांतता मिळाली, होमस्टेवाल्याची रिकामी खोली भरली, तुमचे १०० वाढले. मधला वार विका म्हणते ते यासाठी.

पुढे बघा. जाहिरात, प्रवास, मोबाईल, छपाई मिळून महिन्याचा ठरलेला खर्च ९,००० धरा. फक्त शनिवारी एकेक बुकिंग घेतलं तर महिन्याचे ३,६०० मिळतील, म्हणजे ५,४०० चा खड्डा. खर्च भरून निघायला मधल्या वारची ९ बुकिंग लागतात. दहाव्या बुकिंगपासून तुमचा नफा सुरू. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

"पावसाची राखीव रक्कम" हे नाव तुम्हाला नवीन वाटलं असेल. ती का ठेवायची, ते आता सांगते.

माझ्या दोन चुका

पहिली चूक. सुरुवातीला मी उत्साहात एका जोडप्याचा फोटो काढला आणि दुकानाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकला. "आमचे आनंदी पाहुणे!" दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन. ती रडत होती. घरी तिने मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं आणि माझं स्टेटस फिरत फिरत तिच्या मामांपर्यंत गेलं होतं. दोघं सज्ञान होते, काहीही गैर नव्हतं. पण ते कोणाला, कधी सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता. मी माफी मागितली. त्यांनी मला पुन्हा कधी फोन केला नाही. तेव्हापासून नियम केला की पाहुण्याचा फोटो काढायचा नाही. त्यांनी स्वतः पाठवला आणि टाका म्हणाले तरच टाकायचा. रिकाम्या ओसरीचा, ताटाचा, फुलांचा फोटो लावा, तेवढा पुरतो.

दुसरी चूक मी वर्षानुवर्षं करत होते आणि ती चूक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दुकानात कोणी विचारलं, "जवळ काही बघण्यासारखं?" की मी म्हणायचे, "कुंडमळा बघा, बेगडेवाडी स्टेशनजवळ, इंद्रायणीवर, एकदम भारी आहे, पूल ओलांडून पलीकडे जा." किती जणांना सांगितलं असेल, मोजलेलं नाही.

१५ जून २०२५, रविवार. दुपारी तो जुना लोखंडी पूल माणसांनी भरलेला असताना नदीत कोसळला. ४ जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. बातमी आली तेव्हा मी दुकानातच होते. त्या सकाळी मी कोणाला रस्ता सांगितला होता का, ते आठवायचा मी रात्रभर प्रयत्न केला. आठवलं नाही. त्या रात्री झोप आली नाही आणि अजूनही कोणी रस्ता विचारला की आधी तेच आठवतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. पवनेच्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या तर दरवर्षी येतात. वरून पाणी शांत दिसतं, काठ मात्र एकदम खोल जातो.

मंडळी, आपण पावसाळा विकतो. म्हणून त्या पावसाची जबाबदारीही आपल्यावर येते. "आम्ही फक्त खोली दिली, ते कुठे गेले आम्हाला काय माहीत" हे चालत नाही. गिऱ्हाईक बाहेरगावचं, त्याला इथला ओढा माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

म्हणून माझ्या प्लॅनमध्ये आता एक कागद असतो, "आपण इथे जाणार नाही". त्यावर लिहिलेलं असतं की धबधब्याखाली नाही, धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, अंधार पडल्यावर घाटात नाही, प्रशासनाने बंदी घातलेल्या ठिकाणी तर नाहीच. बुकिंगच्या आधीच हा कागद व्हॉट्सअॅपवर जातो. आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर तारीख फुकट बदलून मिळते. होमस्टेवाल्याचं त्यात थोडं नुकसान होतं. ते भरून द्यायलाच प्रत्येक पॅकेजमधले ते ३०० रुपये बाजूला पडतात.

गेल्या पावसाळ्यात एक साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, धबधबाच नसेल तर यायचं कशाला? दुसरा नेतोय." मी म्हटलं, "जा साहेब, पण पाण्यापासून लांब राहा." बुकिंग गेलं. हजार रुपये गेले. आठ दिवसांनी एका काकांनी तोच कागद वाचून मुलगा आणि सून दोघांचं बुकिंग केलं. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणता, म्हणून पाठवतोय."

कागदपत्रं, थोडक्यात

दोघांचंही ओळखपत्र घ्या, एकाचं नाही. दोघं सज्ञान आहेत ना, एवढंच बघायचं. लग्न झालंय का हे विचारायची तुम्हाला गरज नाही आणि अविवाहित सज्ञान जोडप्याने एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. ओळखपत्राची प्रत कुलपात ठेवा, कोणाला दाखवू नका.

ज्या होमस्टेबरोबर काम कराल त्याची नोंदणी, अन्न सुरक्षा नोंदणी आणि जागेचा सातबारा स्वतः बघा. धरणाच्या हद्दीत लावलेले तंबू विकू नका. एक रात्र स्वतः राहून या. दाराची कडी, पडदे, बाथरूमची खिडकी, रात्रीचा आवाज तपासा. परदेशी पाहुणा असेल तर खोलीमालकाने २४ तासांत त्याची माहिती द्यायची असते.

सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीही प्रत्येक पैशाची पावती द्या. आणि ताईंनो, तुमच्यासाठी खास: राज्य सरकारने २०२३ मध्ये "आई" हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात मिळतो. पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी विचारा, एजंटला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या घरापासून १५ किलोमीटरच्या आतल्या तीन होमस्टेंना भेटा आणि मधल्या वारचा दर विचारा.
२. दोन दिवसांचा एक प्लॅन लिहा. ठिकाण एकच, प्रत्येक गोष्टीला पावसाचा पर्याय.
३. "आपण इथे जाणार नाही" हा कागद तयार करा. गावातल्या जुन्या माणसाला दाखवा, तो अजून दोन जागा सांगेल.
४. तो प्लॅन पहिल्यांदा स्वतः जगा. नवऱ्याला, बायकोला घेऊन जा. खर्च लिहा. कुठे कंटाळा आला, कुठे भीती वाटली तेही लिहा.

कामशेतच्या त्या मुलाने गृहपाठ केला. मित्राला तो म्हणाला, "कोस्टा रिकाला तू बिनधास्त जा, तिकडची कंपनी बघ. पण तुझ्या आई-बाबांच्या लग्नाला यंदा तीस वर्षं होतायत ना? त्यांचे दोन दिवस माझ्याकडे दे." हे त्याचं पहिलं बुकिंग. बुधवारचं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा, हिशोब लिहा आणि या पावसात स्वतःलाही जपा.